धाकटीची उंची

सहा फुटी पुरुषाची फुफ्फुसं थोरलीच्या नशिबी आली आणि दारातूनच परत गेली. फोन आला तशी ती ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट हॉस्पिटलात धावली होती. कपडे बदलून झाले, देवाशी समेट करून झाला, आणि मग सर्जन मान हलवत आले.

"मोठी पडतील. आजाराने तुमची छाती आखडलीय. थोडी कापून बसवता येतात, पण इतकी नाही. दाबून कोंबली तर फुलणारच नाहीत."

"मग माझ्या मापाची कुठून यायची?"

"रक्तगट जुळणारी, तुमच्याएवढ्या उंचीची एखादी बाई..." सर्जन अडखळले. पुढचं वाक्य 'डोक्याला मार लागून गेली तर' असं होतं, आणि ते पेशंटच्या तोंडावर कुणाला म्हणवत नाही.

थोरलीने ते घरी येऊन पुरं केलं. खिडकीत बसून ती रस्त्यावरच्या बायका मापू लागली. ही ताडमाड, ही म्हातारी, ही चालेल. जगायचं असलं की लाजलज्जा पार गुंडाळून ठेवता येते, हे तिला या वयात कळलं.

धाकटी जाऊ रोज दुपारी स्कूटरवरून डबा घेऊन यायची. दोघींची उंची इतकी सारखी, की कपडे अदलाबदलीने चालत. रक्तगटही एकच, थोरलीच्या बाळंतपणात तिनेच रक्त दिलं होतं. जीव लावणारी पोर. खोड एकच: हेल्मेट डोक्यात घालायचं सोडून हँडलला अडकवायची. त्यावरून थोरली रोज तिची हजेरी घ्यायची.

त्या दुपारी धाकटीने तिला भरवलं, पाठ चोळून दिली आणि निघताना दारात थबकली.

"ताई, आज हेल्मेटवरून बोलला नाहीत? बरं वाटत नाहीये का?"

"उकडतं ना गं त्यात," थोरली म्हणाली. "आणि आतल्या गल्ल्यांतून कशाला जातेस? मोठ्या रस्त्याने जा, लवकर पोचशील."

"किती काळजी करता हो माझी!" धाकटीने तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि जिना उतरून गेली.

थोरलीला स्वतःची शिसारी आली. खाली स्कूटर लवकर सुरू होईना. धाकटी पुन्हा पुन्हा बटण दाबत होती. खिडकी उघडीच होती. एका हाकेपुरता श्वास थोरलीत नक्की होता. तो तिने वाचवला.