मिठाच्या पाण्यातल्या तीन नळ्या

मी एक फार जुनं जनुक आहे. उंदीर आणि माणूस वेगळे झाले त्याच्याही आधीपासून मी राबतो आहे, आणि आजही दोघांच्या अंगात मी जवळजवळ सारखाच आहे. तेव्हा मित्रांनो, उंदराची गोष्ट म्हणून नाक मुरडू नका. मला स्वतःचे कान नाहीत, म्हणून ज्याच्या अंगात राहतो त्याचेच कान मी वापरतो.

हाडांच्या आत रक्ताच्या तांबड्या पेशी घडतात, तेव्हा मला जाग येते. माझ्या सांगण्याबरहुकूम एक लांब, लवचीक धागा तयार होतो. अशा धाग्यांची जाळी पेशीला आतून अस्तरासारखी बसते. पोटातल्या प्लीहेच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या अवयवाच्या, बारीक फटीतून जाताना पेशी चेपते, लांबते आणि बाहेर पडताच पुन्हा पहिल्यासारखी चपटी होते, ती या जाळीच्या जोरावर. इतकं काम करूनही माझं कुणी कधी नाव काढलं नाही. नाव निघालं ते मी बिघडलो तेव्हा.

जालन्यातल्या एका कॉलेजच्या प्राणिघरात पांढऱ्या उंदरांच्या एका वेतात एक पिल्लू निराळं निघालं. त्याचे डोळे लाल नव्हते, फिके गुलाबी होते. कान आणि शेपूट पिवळट. तिथे संशोधन करणाऱ्या संध्याने त्याला हळद्या म्हणायला सुरुवात केली. तिने त्याच्या रक्ताचा थेंब मिठाच्या पातळ पाण्यात टाकला. इतर उंदरांच्या पेशी त्या पाण्यात टिकल्या. हळद्याच्या पेशी आतली जाळी कच्ची असल्याने चेंडूसारख्या गोल होत्या, त्या फुगून फुटल्या आणि पाणी लाल झालं. पुढे पुण्याहून जनुकांच्या तपासणीचा अहवाल आला आणि माझा बिघाड पकडला गेला. संध्याची वाहवा झाली. मला मात्र लाज वाटली.

कारण मित्रांनो, संध्याच्या माहेरी, वडीगोद्रीलाही, मी असाच बिघडलेला होतो.

तिची भाची तृप्ती नऊ वर्षांची. तिला दरवर्षी कावीळ व्हायची. मग डोक्यावर काविळीची माळ यायची, जेवणातलं तेल आणि हळद बंद व्हायची. माळ वाळत लांब होत पोटापर्यंत उतरे, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होई, आणि कावीळ गेली म्हणून घर निवांत होई. तिचे आजोबा, म्हणजे संध्याचे वडील रखमाजी, सुनेला, तृप्तीच्या आईला उषाबाईंना, ऐकवत, "तुह्या माहेरचं दुखणं हाये हे. आमच्यात असलं कुणाला न्हाई." त्यांच्या पित्ताशयातून खडे काढले होते; फुटलेल्या पेशींच्या ज्या पिवळ्या रंगाने कावीळ होते त्यातूनच असे खडे बनतात, पण त्याचा आणि याचा काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. संध्याला लहानपणी दोनदा माळ घातली होती, तेही सगळे विसरले होते. संध्यासुद्धा.

यंदा सुट्टीत ती गावी गेली. तृप्तीचे पिवळे डोळे तिने हजारदा पाहिले असतील, पण या वेळी तिला हळद्या आठवला. दोन दिवसांत तिने मायलेकींना जालन्याला आणलं.

सुई पाहून तृप्ती रडू लागली. उषाबाईंनी आपला हात पुढे केला. "ताई, आधी माझं घ्या. मंग ती भिणार न्हाई."

तिघींचं रक्त घेतलं. तृप्तीचं तपासायला, उषाबाईंचं तिची समजूत काढायला आणि संध्याचं स्वतःचं, निरोगी रक्त म्हणून ताडून बघायला. तीन नळ्यांत मिठाचं पाणी, तीन थेंब.

तृप्तीची नळी लाल झाली. संध्याचीही झाली. उषाबाईंच्या नळीत पेशी तळाशी बसल्या आणि वरचं पाणी नितळ राहिलं.

चिठ्ठ्या बदलल्या असाव्यात म्हणून संध्याने सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. वर्षानुवर्षं उंदरांचं रक्त तपासणाऱ्या या बाईने आपलं रक्त कधी तपासलंच नव्हतं.

"वहिनी," ती कशीबशी म्हणाली, "हे तुमच्याकडचं न्हाई. आमच्या घरचं हाये."

उषाबाई नितळ नळीकडे बघत राहिल्या. "मंग एवढी वर्सं मी उगंच ऐकून घेतलं?"

कधीकाळी संध्याही भावाला म्हणाली होती, वहिनीच्या माहेरी चौकशी कर म्हणून.

रक्ताच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं आणि माळ बंद केली. गावी संध्याने रखमाजींना समोर बसवून सगळं सांगितलं.

"म्हंजी माझ्यापासून?" त्यांनी विचारलं.

"हो दादा. मलाही हाये."

म्हातारा चुलीकडे तोंड करून म्हणाला, "सूनबाई, पोरीला आज तेलाची फोडणी घालून वाढ. अन् तूबी तिच्यासंगं जेव."

आत तवा खाली ठेवल्याचा आवाज आला. उषाबाई मोठ्याने रडत होत्या.

मित्रांनो, फाटलेली जाळी मला शिवता येत नाही, एवढी माझी ताकद नाही. पण एक तुम्हाला करता येईल. घरातलं दुखणं कुणाच्या माहेरचं, हे ठरवण्याआधी आपलीही नळी उजेडात धरून बघा.