पिराजी खोत गैरहजर

मलकापूरच्या सरकारी दवाखान्यात हाडांचे डॉक्टर दर मंगळवारी कोल्हापुरातून पडद्यावर दिसायचे. पिराजी खोतानं दोन मंगळवार आपला सुजलेला गुडघा कॅमेऱ्यापुढं धरला, आणि दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, "ठीक दिसतोय." पिराजीचं डोकं फिरलं. हात न लावता दुखणं कळत असतं, तर गावातला फोटोवाला बी डॉक्टर झाला असता. तिसऱ्या मंगळवारी त्यानं सकाळची एसटी धरली आणि लंगडत लंगडत थेट कोल्हापूरचं हॉस्पिटल गाठलं.

काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरात बघून म्हणाली, "काका, तुमचा नंबर मलकापूरला लागलाय. डॉक्टर तुम्हाला तिथंच बघणार."

"आवो, पण डॉक्टर हितं हाईत की."

"हो, पण तुम्ही तिथं आहात ना."

पिराजी तडक डॉक्टरांच्या दाराशी गेला. डॉक्टर पाठमोरे बसले होते. पडद्यावरून मलकापूरची सिस्टर सांगत होती, "पिराजी खोत आज आलेले नाहीत, सर."

"मी हितं हाय की," पिराजी दारातूनच गरजला.

डॉक्टरांनी मान वळवली नाही. पडद्यावरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत ते म्हणाले, "आवाज येतोय. जरा कॅमेऱ्यापुढं या."