उसने हातमोजे

“मोडला की गं,” म्हणत मैनाबाईंनी नवा फोन गादीवर ठेवला आणि चटका बसल्यासारखे दोन्ही हात मागे घेतले. झाकण एकीकडे, फोन एकीकडे आणि आतली बॅटरी उघडी. घरात येऊन दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती त्याला.

प्रतीक्षा हसली. तिने बॅटरी नखाने उचलून बाहेर काढली, पुन्हा बसवली, वरून झाकण दाबलं. फोन चालू झाला. “उघडायलाच बनवलाय, आई. काही बिघडलं तर आपणच स्क्रू काढायचे आणि तेवढा भाग बदलायचा.”

“कंपनीच सांगती, उघडा म्हणून?”

“हो.”

मैनाबाईंचा विश्वास बसेना. त्यांचे आधीचे तिन्ही फोन बोईसर स्टेशनसमोरच्या दुकानात दगावले होते. दुकानदाराने दर वेळी फोन उलटासुलटा करून नुसती मान हलवली होती आणि काचेच्या कपाटातल्या नव्या फोनांकडे बोट दाखवलं होतं. फोन बिघडला की टाकायचा, हा त्यांच्या लेखी जगाचा नियमच होता.

प्रतीक्षा ऑफिसच्या कामासाठी दोन महिने युरोपात राहून आली होती. फोन तिथला, पण दिसायला अजिबात परदेशी नव्हता. जाड, जड, कोपऱ्यांना बोथट. सालवडच्या चाळीत शेजारणींना दाखवून भाव खावा असं त्याच्यात काहीच नव्हतं, हे मैनाबाईंनी एका नजरेत ओळखलं होतं. लेकीचं मन मोडू नये म्हणून गप्प बसल्या होत्या इतकंच.

“विशेष काय हाय मग ह्याच्यात?”

“हा माणसांना न छळता बनवलाय. ज्या खाणीतून धातू येतो तिथे लहान मुलं नाहीत, कारखान्यात पगार बरोबर, कामाचे तास बरोबर. कुठला भाग कुठून आला, तेसुद्धा सांगतात.”

“म्हंजी बाकीचे फोन छळून बनवतेत?”

“बरेचसे,” प्रतीक्षा म्हणाली. मैनाबाईंना धक्का बसला तो इथे. गेली दहा वर्षं आपण कानाला काय लावत होतो, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

त्यांनी झाकण पुन्हा काढलं, कानाशी नेलं आणि नखाने टिचकी मारली. “जुन्या टीव्हीचं प्लास्टिक हाय हे. दुसऱ्यांदा वितळवलेलं.”

आता थक्क व्हायची पाळी प्रतीक्षाची होती. वास्तविक तिने व्हायला नको होतं. एकोणीस वर्षं तिची आई तारापूर एमआयडीसीत हेच करत होती. मैनाबाई परभणीकडून नवऱ्याच्या पाठोपाठ आल्या, नवरा वारला, काम राहिलं. टीव्ही-कॉम्प्युटरच्या फुटक्या कवचांच्या ढिगापुढे बसायचं, तुकडा उचलायचा, टिचकी मारायची, आवाज ऐकायचा आणि ज्या त्या पोत्यात टाकायचा. आवाजावरून कळलं नाही तर कोपरा काडीने जाळून वास घ्यायचा. निवडलेलं प्लास्टिक दळून वितळवलं की त्याचा दाणा होतो. तो दाणा पुढे कुठे जातो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

प्रतीक्षाने डब्यातल्या कागदावरचा क्यूआर कोडचा चौकोन आपल्या फोनने टिपला. फोनच्या कंपनीचं पान उघडलं. ती वाचत गेली आणि तिचा आवाज चढत गेला. “आई, बरोबर आहे तुझं. झाकण जुन्या टीव्हीच्या प्लास्टिकचं. आणि दाणा कुठला, माहितीये? बोईसर, महाराष्ट्र, भारत. फोटो पण आहे, बघ.”

मैनाबाईंनी फोन जवळ ओढून बघितलं. स्वच्छ टेबलांवर प्लास्टिकचे तुकडे मांडलेले. निळे एप्रन घातलेल्या बायका. सगळ्यांच्या हातांत जाड निळे हातमोजे. सगळ्यांत पुढे, कॅमेऱ्याकडे बघून हसणारी बायडी, पूर्वी त्यांच्याच शेजारी बसून प्लास्टिक निवडणारी.

“इथे लिहिलंय, या महिलांना दर महिन्याला नवे हातमोजे मिळतात. तुम्हाला मिळतात? कधी बोलली नाहीस. मी स्टेटसला ठेवू का हा फोटो?”

“ठेवू नको,” मैनाबाई म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही.

त्या फोटोच्या दिवसाबद्दल त्या आजवर कोणाशी अक्षर बोलल्या नव्हत्या. गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. कारखान्यात परदेशी पाहुणे येणार म्हणून सकाळी टेबलं आली, एप्रन आले आणि तीस जोड हातमोजे आले. मोजे शेजारच्या एका कंपनीतून उसने आणले होते, संध्याकाळी मोजून परत द्यायचे होते. साहेबांनी मैनाबाईंना दाराशी उभं केलं. तुम्ही जुन्या आहात, हिशेब तुमच्याकडे. पाहुणे आले, फोटो झाले, गाड्या गेल्या. संध्याकाळी एकोणतीस जोड भरले.

तिसावी जोडी कुठे आहे, हे त्यांना ठाऊक होतं. बायडीला ती पिशवीत सारताना त्यांनी पाहिलं होतं. बायडीचा उजवा तळहात आठ दिवसांपूर्वी फुटक्या कवचातल्या पत्र्याने कापला होता, जखम चिघळली होती. मोजे तिला हवेच होते. पण एक जोड तुमच्या अंगावर येईल, असं साहेब म्हणाले आणि मैनाबाईंच्या तोंडून नाव निघून गेलं. रागावतील, मोजे काढून घेतील, एवढंच त्यांना वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी बायडीला गेटवरूनच परत पाठवलं. चोर म्हणून.

सकाळी त्या लेकीला म्हणाल्या, “मला बेटेगावला ने, फोटोतल्या त्या बायडीकडं. फोन घे संगं.”

बायडी घराच्या ओट्यावर सुपात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मैनाबाईंना पाहून तिचं तोंड फुललं. “मैनामावशी? आज कुटं वाट चुकलीस? ही लेक ना तुजी?”

मैनाबाईंनी बोलण्याऐवजी फोनच पुढे केला. बायडीने हात पदराला पुसले, फोन उन्हापासून आडोशाला धरला आणि फोटो निरखून बघितला.

“ही मीच का?”

“तूच.”

“बरी दिसतेय की,” ती म्हणाली. मग तिने फोटोतला एकेक चेहरा बोटाने शोधला. “तू कुटं हायस ह्याच्यात?”

“मी नाही. मी दाराशी होते. मोजे मोजत.”

“हां,” बायडी म्हणाली आणि फोन खाली ठेवून पुन्हा शेंगा सोलू लागली.

प्रतीक्षा ओट्याच्या कडेला उभी होती. तिच्यासमोर हे बोलावं लागेल, याचा मैनाबाईंनी रात्रभर विचार केला होता. त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, “बायडे, तुझं नाव म्याच सांगितलं होतं साहेबाला.”

प्रतीक्षाने चमकून आईकडे पाहिलं.

“मला म्हाईत हाय,” बायडी म्हणाली. “तीस पिशव्या लटकत होत्या. सायबानं नीट माज्याच पिशवीत हात घातला. आन पिशवीत मोजे टाकताना मी फकस्त तुज्याकडं बगून हसली होती.”

मैनाबाईंना हा घाव अगदी वर्मी लागला. दोन वर्षं त्यांनी हे पाप लपवून ठेवलं होतं, आणि ज्या बाईपासून लपवलं तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाजारात दोनदा भेटली होती. दोन्ही वेळा तिनेच आधी हाक मारली होती.

“मग बोलली का नाहीस मला?”

“काय बोलू? तुला पन पोर शिकवायची होती.” बायडीने प्रतीक्षाकडे पाहिलं, रागाने नव्हे. “शिकली ना?”

प्रतीक्षाची मान खाली गेली. तेव्हा तिला दिसलं की शेंग सोलताना बायडीच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वळत नव्हती. ती तशीच ताठ राहत होती आणि बाकीची तीन बोटं त्यांचं काम करत होती.

मग प्रतीक्षाने फोन उचलला, ते पान खालपर्यंत सरकवलं. “इथे लिहिता येतं. तुम्ही या ठिकाणी काम केलं असेल आणि काही सांगायचं असेल, तर आम्हाला कळवा, असं आहे.”

“लिवून काय व्हनार?” बायडीने विचारलं.

“माहीत नाही, ताई. बहुतेक फोन बनवणाऱ्यांनाही फसवलंय.”

“मंग लिव. फोटो खरा हाय, म्हनाव. बाय खरी हाय. मोजे तेवढे तिचे नाय.”

प्रतीक्षा लिहायला बसली आणि थांबली. “नाव नाही दिलं तरी चालतं, असं म्हटलंय. आई, नकोच देऊया. साहेबांना कळलं तर तुझं काम जाईल.”

“कळू दे,” मैनाबाई म्हणाल्या. “माझं पूर्ण नाव घाल, बापासकट. आन कंपनीपासून सुरू करू नको. बायडीपासून बी नको. माझ्यापासून कर. म्या काय केलं, ते आधी लिही.”

प्रतीक्षाने आईचं नाव लिहिलं. बायडीने शेंगांचं सूप थोडं पलीकडे सरकवलं आणि मैनाबाईंना बसायला जागा केली.