मागून येणारा घोगरा आवाज

मित्रांनो, संगणकाशेजारी तो चपटा काळा डबा दिसतो ना, कोपऱ्याचा टवका उडालेला? तो मीच. लोक मला साउंड कार्ड म्हणतात. एका बाजूने माइकची वायर माझ्यात येते, दुसरीकडून हेडफोनची बाहेर जाते आणि मधल्यामध्ये मी आवाज संगणकापर्यंत नेतो, परत आणतो. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा हिरवा दिवा कसा टवटवीत होता! घरातल्या आत्याने मला आणलं, माझ्या जोरावर दूरदूरच्या मुलांना गाणं शिकवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यापाशी माझं कौतुक केलं. ती लग्न होऊन गेली आणि मी खणात, संपलेल्या सेलांच्या शेजारी जाऊन पडलो. चार वर्षं कुणी विचारलं नाही.

मला बाहेर काढलं त्या आत्याच्या भाचीने, म्हणजे या घरातल्या नातीने. तिचे आजोबा गाऊन प्रवचन करतात. गोष्ट सांगता सांगता पदात शिरतात, पदातून अलगद गोष्टीत उतरतात, आणि देवाचं नाव आलं की त्यांचा सूर असा लागतो की माझ्यासारख्या पत्र्याच्या डब्यालाही भरून यावं. चाळीस वर्षं त्यांच्यामागे उभं राहून साथ करणारा मित्र आता दूर लेकाकडे अंथरुणाला खिळला आहे. त्याला एक पूर्ण प्रवचन पाठवायचं, एवढीच आजोबांची इच्छा.

बाहेरचा गोंगाट अडवायला दाराला जाड ब्लँकेट लावून रेकॉर्डिंग सुरू झालं. आधी आवाजात करकर आली. तेव्हा नातीने संगणकाचा बफर वाढवला. म्हणजे आवाज चिमटी-चिमटीने न घेता घमेलं भरभरून घे, असं त्याला सांगितलं. करकर थांबली. पण घमेलं भरेपर्यंत आवाज माझ्याकडे परतायलाच उशीर होऊ लागला. हेडफोन आजोबांच्या कानाला. तिला काय कळणार?

आजोबांनी ओळ म्हटली आणि थांबले. पुढची म्हटली, पुन्हा थांबले. हेडफोनमध्ये लावून दिलेला तबल्याचा ठेका पुढे निघून गेला, ते मागे राहिले. तीनदा असंच झालं. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"बाळ, माझी लय गेली. माझ्या मित्राला कळव, आता माझं गाणं संपलं म्हणून."

नात कावरीबावरी झाली. तिने माझी वायर बदलली, मला चालू-बंद केलं, उलटा करून थोपटलं. "हा डबाच भंगारात काढायला हवा," म्हणाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

शेवटी ती आजोबांपाशी येऊन बसली. "पण तुम्ही मध्येच थांबत का होता?"

"अगं, मागचा माणूस ओळ उचलतो, त्याला जागा नको द्यायला? आवाज घोगरा आहे त्याचा, पण सूर बरा आहे. जरा आळशी, एवढंच."

"कुठला माणूस?"

"तुझ्या संगणकातला."

नातीने हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि माइकसमोर "एक" म्हटलं. अर्ध्या श्वासाने तिचाच "एक" परत आला. ती हसता हसता खुर्चीवरून घसरायची राहिली.

"आजोबा, ते घोगरे गृहस्थ तुम्हीच आहात."

"मी असा गातो?" आजोबांनी हेडफोनकडे बोट दाखवलं. "मग तो बिचारा चाळीस वर्षं माझ्यामागे उभा राहिला तरी कसा?"

माझ्या अंगावर एक बारीक बटण आहे. ते दाबलं की गाणाऱ्याचा आवाज संगणकाचा वळसा न घेता थेट त्याच्या कानात जातो. नातीने ते दाबलं, संगणकाकडून परतणारा आवाज बंद केला, आणि आजोबा गायले. मित्रांनो, काय गायले! ठेक्यावर पाऊल ठेवून, तासभर, एका दमात. मित्राच्या जागा मात्र त्यांनी मुद्दाम मोकळ्या सोडल्या.

नातीने ते प्रवचन लगेच पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी फोन आला. "सगळ्या जागा भरल्या रे, पडल्या पडल्या," तो मित्र सांगत होता. "सूनबाई धावत आली, म्हणाली, काय झालं तुम्हाला?"

मित्रांनो, आम्हा वस्तूंवरची धूळ पुसत जा, आमची बटणं नीट ओळखून घ्या. आणि घरातलं कुणी "आता मला जमत नाही" म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. त्याच्या कानात काय पडतं आहे, ते एकदा आपल्या कानांनी ऐका.