सांगून उठायचा बाक

"अरे दादा, सांगून उठता येत नाही का?"

हे विचारलं तेव्हा धाकटा फूटपाथवर उताणा पडला होता आणि त्याच्या शर्टावर गरम आम्लेट होतं. दादाने उत्तर दिलं नाही. नंतरही ते कुणी दिलं नाही. मला माहीत असतं तरी मला विचारतो कोण? मी बाक. कोपऱ्यावरच्या छोट्या हॉटेलाच्या दाराबाहेरचा, गिऱ्हाइकांनी वाट बघायचा बाक बोलतोय.

मला दादाने बनवलं. दादा म्हणजे हॉटेलचा मालक आणि आचारीही; धाकटा त्याचा भाऊ. आम्लेट त्याने झोपेतही उलटलं असतं, पण सुतारकामाच्या नावाने आनंद होता. आधी आखूड फळी धरून त्याने पाय ठोकले. मग "जास्त माणसं मावतील" म्हणत ऐन वेळी लांब फळी आणून वर बसवली. पाय राहिले मध्ये आणि टोकं लोंबकळली. दोन टोकांना दोघं बसली की सगळं ठीक. त्यातलं एक न सांगता उठलं की दुसरं धाडकन खाली!

सुतार बघून हसला. "पाय बाहेर घेऊ, दादा. तासाभराचं काम."

"राहू दे रे. माझ्या दारात तरी माणसं एकमेकांना सांगून उठतील." मला थोपटत तो म्हणाला, "हा माझा दुसरा धाकटा. शिकलेला नाही, गुळगुळीत नाही, पण वजन पेलतो."

"पहिला ऐकतोय बरं का!" आतून धाकट्याचा आवाज आला.

तेव्हापासून दाराशी नियमच झाला. उठायचं असेल तर मोठ्याने म्हणायचं, "उठतोय हं!" दुसऱ्या टोकाचा सरकून मध्ये यायचा, मग उठायचं.

सुट्टीच्या दिवशी लोक उशिरा उठून नाश्ता आणि जेवण एकाच पोटात ढकलतात. त्याला ब्रंच म्हणतात. "उशिरा उठल्याची शिक्षा नाही, वर बक्षीस," दादा म्हणायचा. या बक्षिसासाठी रांग लागायची आणि ती बसायची माझ्यावर. काय सांगू तुम्हाला! भुकेलेली माणसं म्हणजे जांभया आणि भांडणं. "अजून किती वेळ?" हे दर मिनिटाला. पोरं बुटांसकट नाचायची. एकाने खाल्लेलं च्युइंगगम माझ्या पोटाला चिकटवून ठेवलंय, कुणी बघत नाही असं वाटून. मला दिसलं नाही, पण लागलं ना! आतला वास दिवसभर माझ्या नाकाशी, आणि आजवर एक घास मिळाला तो सांडलेला.

पण दार उघडण्याआधीची वेळ माझी होती. तवा नीट तापलेला नसतो, म्हणून पहिलं आम्लेट हमखास बिघडतं. ते गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, हा दादाचा कायदा. ती फाटकी ताटली घेऊन दोघं भाऊ माझ्यावर येऊन बसायचे, एकेका टोकाला, आणि अर्धं अर्धं खायचे. अधूनमधून दादा मुद्दाम, न सांगता उठायचा. धाकटा आपटायचा, शिव्या द्यायचा. दादा खदाखदा हसत आत पळायचा.

त्या सकाळीही दादा तसाच उठला. धाकटा पडला, ओरडला, आणि हसत हसत दादाच्या हसण्याची वाट बघत राहिला. आतून हसू आलं नाही. भांडं पडल्याचा आवाज आला. मग वहिनीची किंकाळी.

हॉटेल पुन्हा उघडलं तेव्हा तव्यापाशी धाकटा होता. त्याच्या रागाला औषध नव्हतं. "अजून किती वेळ?" म्हणणाऱ्या एका गृहस्थाला तो म्हणाला, "घाई आहे तर घरी खा!" पहिलं आम्लेट तो सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. माझ्यावर तर बसायचाच नाही, जाता-येता लाथ मारायचा. मार, बाबा. माझाही दादाच गेला होता. मला तर कुणी बाजूला घेऊन नीट सांगितलंही नाही.

आता मी स्वयंपाकघरामागे भिंतीला टेकून उभा आहे. एक पाय गेलाय, अंगावर ओली फडकी वाळत असतात. तक्रार नाही. तुम्ही मात्र कुठल्याही बाकावरून उठाल तेव्हा शेजारच्याला सांगून उठा, एवढं ऐका. पाय कसा गेला ते सांगतो आणि थांबतो.

एका सकाळी, दार उघडण्याआधी, वहिनी येऊन माझ्या एका टोकाला बसली. "भाऊजी, बाहेर या."

तो आला आणि नाइलाजाने दुसऱ्या टोकाला टेकला.

"मी उद्यापासून येणार नाही," ती म्हणाली. "ही किल्ली. चालवा, नाहीतर बंद करा. मला या दारातून आत जाववत नाही."

"बरं."

"बरं काय? एकच विचारते. त्या दिवशी शेवटी तुम्ही त्यांच्याजवळ होतात. काय बोलणं झालं?"

"काही नाही."

"दर वेळी काही नाही!"

"मग नाहीच तर काय सांगू?"

ती ताडकन उठली. न सांगता. तोल धरायचा प्रयत्न मी करू शकलो असतो, पण नाही केला. सोडून दिलं. धाकटा फूटपाथवर उताणा, आणि माझा एक पाय कडकन तडकला.

"अहो, सांगून उठता येत नाही का?" तो ओरडला. मग तोंड झाकून म्हणाला, "हेच, वहिनी. हेच बोललो मी त्याला. शेवटचं. मला वाटलं तो गंमत करतोय. मी इथे पडून हसत होतो हो..."

वहिनी तिथेच खाली बसली. नाक पुसत म्हणाली, "म्हणजे हसणं ऐकत गेले ते."

दोघांनी मला सरळ केलं. ती आत गेली, तवा ठेवला आणि पहिलं आम्लेट घेऊन आली. चांगलंच फाटलेलं. दोघांनी एकेका टोकाला बसून अर्धं अर्धं खाल्लं. तेवढ्यात समोरून दोन गिऱ्हाइकं आली. "उघडलंय का?"

वहिनीने किल्ली परत कमरेला खोचली. "उघडतेय. या." मग धाकट्याकडे वळली. "भाऊजी, उठतेय हं."

तो खाली मान घालून रडत होता. त्याला सरकायला वेळ लागला, आणि ती तोवर उठलीही होती.

तडकलेल्या पायावर मी सगळं वजन घेतलं, आणि तो मध्ये येईपर्यंत जराही हललो नाही.