हाकेचं शेपूट

सरकारने डोंगर बंद केला, तेव्हा आम्हाला आधी कळलंच नाही की डोंगर बंद करतात म्हणजे काय करतात. डोंगराला काय दार असतं, की कडी? मग बांबू तोडायला वर गेलेल्या माणसांना शिपायांनी झाडाला बांधून मारलं, तेव्हा कळलं. त्यांत माझा नवरा होता. चौघांनी त्याला उचलून खाली आणला आणि दिवस मावळायच्या आत तो गेला. सासरे चौकीत तक्रार करायला गेले, तर तिथला अंमलदार म्हणाला, "चोराचा बाप तूच का?"

आम्ही टोपल्या-सुपं विणणारी माणसं. बांबू नाही तर आम्ही नाही. चोर म्हणा नाहीतर साव, वर जाणं काही कुणाचं सुटलं नाही. मग शिपाई पुन्हा आले आणि आमच्या अंगणात विणून ठेवलेला माल त्यांनी पेटवला. माझा दीर तेव्हा बांबू तासत बसला होता. हातात होता त्याच कोयत्याने त्याने एका शिपायाचा पंजा मनगटापासून उतरवला आणि डोंगरात पळाला. मला विचाराल तर मान सोडून त्याने मनगट धरलं, एवढंच चुकलं.

त्यानंतर घरात आम्ही तिघं राहिलो. सासरे, मी आणि दिराची बायको, माझी धाकटी जाऊ. ती सपाटीवरच्या गावची, लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं. दीर कुठे लपलाय ते आम्हा तिघांना ठाऊक होतं. दरीपलीकडे समोरच्या उतारावर, करवंदीच्या जाळ्यांमागे एक कपार आहे, तिथे. आतून आमचं अंगण दिसत नाही, पण अंगणातून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ. "लांब जा रे गाढवा," म्हणून सासऱ्यांनी दोनदा निरोप धाडला. पण नवी बायको इथे ठेवून तो कसला लांब जातोय!

त्या सकाळी आम्ही कामाला बसलो होतो. सासरे सुपाच्या कडा बांधत होते, मी पट्ट्या काढत होते, धाकटी हौदात भिजलेले बांबू उपसत होती. तेवढ्यात शिपाई आले. त्यांचा साहेब बोलायला इतका गोड की गावाने त्याचं नाव गुळव्या ठेवलं होतं. गुळव्याने कधी आवाज चढवला नाही की कुणाला शिवी दिली नाही. त्याची माणसं हाडं मोडत असायची आणि हा आपला बाजूला उभा राहून तब्येतीची चौकशी करायचा.

"बाबा, बरं आहे ना?" त्याने सासऱ्यांना विचारलं.

"तुम्ही येईपर्यंत बरं होतं."

"मुलगा कुठाय?"

"तुम्हीच शोधताय ना? सापडला की मलाही सांगा. ही सुपं त्याच्या वाटणीची आहेत, मी किती दिवस करू?"

सासऱ्यांचं तोंड असं. झोपेतसुद्धा बडबडायचे. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, यांना जाळतानाही आधी तोंड विझवावं लागेल.

गुळव्या हसला. त्याने शिपायांना खूण केली. त्यांनी सासऱ्यांना काखेत धरून उचललं आणि अंगणाच्या पार टोकाला, जिथून समोर डोंगर दिसतो तिथे नेऊन टाकलं. आम्हा दोघींना केसांना धरून तिथेच बसवलं. हौदातले ओले बांबू घेतले, आमचेच, आणि मारायला सुरुवात केली. वाळका बांबू मोडतो. ओला मोडत नाही, नुसता वाकतो आणि परत येतो.

पहिला फटका गुडघ्यावर बसला. दुसरा बसला तेव्हा वाटीच फुटली, मला आवाज आला. सासऱ्यांच्या तोंडून हुंकारसुद्धा निघाला नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याची शुद्ध हरपली. पण डोळे टक्क उघडे होते आणि ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी बघण्याची दिशा बदलली. मीही तिकडे पाहिलं. कुंपणाच्या दगडांआड पाच-सहा शिपाई पालथे पडले होते, बंदुका डोंगराकडे रोखून. गुळव्याचं लक्षही आमच्याकडे नव्हतं. मारणारा मार खाणाऱ्याकडे बघतो की नाही? हे सगळे डोंगराकडे बघत होते.

त्यांच्यात एक शिपाई डोंगरापलीकडच्या वाडीतला होता. त्याचा बाप माझ्या बापाशेजारी बसून टोपल्या विणायचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच. इथला आवाज तिथे पोचतो, हे त्याच्याशिवाय गुळव्याला कोण सांगणार? मी त्याच्याकडे रोखून पाहिलं तर तो बुटाची नाडी बांधायला लागला, मुडदा.

"थोरले," सासरे दात आवळून म्हणाले, "यांना माझं उत्तर नकोय. बोंब पाहिजे. तोंड शिवून घ्या दोघी."

त्यांच्या आयुष्यातलं हे शेवटचं बोलणं. पुढे त्यांनी पाठीवर, बरगड्यांवर, डोक्यावर बांबू घेतले. तोंडातून रक्ताची गुळणी आली ती त्यांनी आवाज न करता सोडून दिली. जन्मभर बडबड केलेला माणूस मरताना मुका मेला. मला तेव्हा त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. एरवी मी त्यांच्याशी रोज भांडायचे.

"बाबा गेले वाटतं," गुळव्या म्हणाला. "आता तुम्ही, ताई."

विणताना वीण ठोकून बसवायला आमच्याकडे लाकडी मोगरी असते. एका शिपायाने ती उचलली. दुसऱ्याने माझा उजवा हात लाकडाच्या ठोकळ्यावर धरला. डोक्याला बांधायचं फडकं मी डाव्या हाताने ओढलं आणि तोंडात कोंबलं, घशापर्यंत. गुळव्याच्या ते ध्यानात आलं, पण शिपाई ते काढायला लागला तेव्हा मी त्याचं बोट असं चावलं की तोच बोंबलला. गुळव्याने त्याच्या थोबाडीत मारली. शिपायाची बोंब त्याला कामाची नव्हती.

मग मोगरी पडायला लागली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. एकेक बोट तो माणूस नीट निवडून ठेचत होता, घाईघाईत नाही. मी फडकं चावलं. डोळ्यांपुढे काळोख आला, खाली कपड्यांत लघवी झाली, पण आवाज केला नाही. उजवा हात झाल्यावर त्यांनी डावा घेतला.

धाकटी माझ्याकडे बघत होती. मी डोळ्यांनी तिला बजावत होते, गप्प राहा बाई, गप्प राहा. आणि ती राहिली हो गप्प! वीस वर्षांची पोर, समोर सासरा मरून पडलेला, तरी राहिली. पण तेवढ्यात समोर उतारावर करवंदीची जाळी हलली. बकरी असेल, वारा असेल. तिला वाटलं तो निघाला. आपल्या आवाजाने नाही तर आपल्या गप्प बसण्याने त्याला शंका आली, असं तिला वाटलं. ती ताडकन उठली आणि डोंगराकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडली,

"येऊ नका!"

दुसऱ्यांदा ओरडायच्या आत बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर बसला आणि पुढचे दात गेले.

आता हे सपाटीवरच्या माणसाला सांगून पटत नाही, पण आमच्या दरीला खोड आहे. हाकेचं तोंड ती पलीकडे पोचवते आणि शेपूट खाते. म्हणून आमच्याकडे कामाचा शब्द आधी ओरडतात. "नका येऊ," "नको तोडू," "थांब, दगड सुटलाय." बाजारात आमच्या या उलट्या बोलण्याला लोक हसतात. धाकटीही नवी आली तेव्हा हसायची. सासरे तिला म्हणायचे, हस बाई, डोंगराशी बोलायला लागलीस की शिकशील. ती कधी डोंगराशी बोललीच नव्हती. तिचा हा पहिला शब्द.

वर पोचलं ते फक्त "ये".

मला तिथल्या तिथे कळलं. "नका" एवढंच ओरडायचं होतं, "पळ" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तोंडात फडकं मीच कोंबलेलं आणि ते ओढून काढायला एकही बोट धड नव्हतं. मनगटांनी ढकलत होते, जिभेने रेटत होते, जमिनीवर तोंड घासत होते. एका शिपायाने पाठीवर पाय दिला. फडकं सुटलं तेव्हा दीर जाळीतून बाहेर आला होता.

तो धावत येत होता. हातात कोयता नव्हता, काही नव्हतं. बायकोची हाक ऐकून उठला तसा निघाला होता. मी "पळ!" म्हणून ओरडले, आणि त्याच वेळी सगळ्या बंदुका एकदम सुटल्या. तो ओढ्याच्या अलीकडे पडला, मग हातांवर उठायला लागला. गुळव्या चालत त्याच्यापर्यंत गेला, त्याला काहीतरी गोड बोलला असेल, आणि डोक्यात गोळी घातली. जाताना मला म्हणाला, "ताई, हात गरम पाण्यात ठेवा."

माझी बोटं आता वाकडी जुळली आहेत. वीण बसत नाही, म्हणून मी पट्ट्या पायाखाली धरून ठेवते आणि धाकटी विणते. समोरासमोर बसल्यावर दिवसातून एकदा तरी ती विचारतेच. पुढचे दात नसल्यामुळे शब्द फसफसतात.

"वहिनी, मी तर नका म्हणाले होते ना?"

"म्हणालीस."

"मोठ्याने म्हणाले होते?"

"गावाने ऐकलं."

"मग का आले ते?"

गावात सगळ्यांना खरं काय ते माहीत आहे, अगदी शेंबड्या पोरालाही. आणि तिच्यापुढे ते कुणी बोलायचं नाही, हेही ठरलंय. कुणी बोललं तर मी या वाकड्या हातांनी त्याचा गळा धरीन. म्हणून पहिल्यांदा तिने हे विचारलं तेव्हाच मी तिला सांगितलं, "अगं, तो जन्माचा हट्टी. लहानपणापासून तसाच. जे करू नको म्हणाल ते आधी करणार. तू नको म्हणालीस ना, मग आलाच."

तिला ते पटलं. तिला त्याचा राग येतो. कामटी खसकन ओढते आणि त्याला वाटेल ते बोलते. एवढं सांगितलं तरी ऐकलं नाही मेल्याने, बायकोच्या शब्दाला कवडीची किंमत नाही, गाढव, उलट्या काळजाचा. राग आला की तिचा हात चालतो, दोन घास जास्त जेवते, रात्री झोपही लागते. मी हो ला हो करते, कधी तिच्यापेक्षा जास्त बोलते. बायकोने बोलावलं म्हणून आलेल्या त्या माणसाला आम्ही दोघी रोज शिव्या घालतो.