सहा ते दहा

काउंटर नव्यानं रंगवला होता, पण त्याच्यामागे आम्ही बसायची जागा होती तेवढीच. एमिल एकोणऐंशीचा, मी अडुसष्टची. चाकांच्या त्या बुटक्या स्टुलांवर टेकताना दोघांचेही गुडघे कुरकुरले. पुरे झालं आता, घरी जाऊन आडवं व्हावं, असं मला मनापासून वाटलं.

‘वेंडेलची बेकरी’ या आमच्या कार्यक्रमाला पन्नास वर्षं झाली, म्हणून पिट्सबर्गच्या टीव्ही स्टेशनात शनिवारी सकाळी सोहळा होता. वेंडेल म्हणजे एप्रन घातलेलं हातबाहुलीचं अस्वल, पोरांना अक्षरं आणि आकडे शिकवणारं. एमिलचा उजवा हात त्याच्या डोक्यात आणि डावा त्याच्या डाव्या पंजात. मग वेंडेलचा उजवा पंजा कुणाचा? तो माझा. चौतीस वर्षं मी एमिलच्या काखेत डोकं घालून त्या अस्वलाचा उजवा हात झालेय. एमिलनं सकाळी कांदा खाल्ला की नाही, हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळायचं.

प्रत्येक भागाच्या शेवटी वेंडेल भट्टीतले ताजे पाव बोटांवर मोजायचा. एक ते पाच एमिलच्या पंजावर, सहा ते दहा माझ्या. दर वेळी बोट वर करायचं, ‘किती झाले?’ विचारायचं आणि थांबायचं. घरात बसलेल्या पोराला उत्तर सुचायला वेळ नको? आम्ही मनातल्या मनात तीन मोजायचो आणि मगच वेंडेल आकडा सांगायचा.

खोटं कशाला बोलू, मला ते पाच आकडे हवे होते. माझं नाव शेवटी बारीक अक्षरांत सर्रकन निघून जायचं. रस्त्यात लोक एमिलला मिठ्या मारायचे आणि मला फोटो काढायला सांगायचे. पण या गावातली पोरं सहा ते दहा शिकली ती माझ्या बोटांवर. सोमवारपासून वेंडेल डेव्हन नावाच्या तरुणाकडे जाणार होता, तेव्हा माझंही हे शेवटचंच. आठवडाभर मी स्वयंपाकघरात उभी राहून बोटांचा सराव केला होता, या वयात!

एमिलच्या खांद्याची वाटी पार झिजलेली. हात डोक्याच्या वर न्यायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. “निदान दहापर्यंत,” तो मला म्हणाला होता. “एवढंच मागतोय मी.”

“आणि मधेच हात पडला तर?”

“तर सगळ्या गावासमोर पडेल.” हे बोलताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. आमच्या धंद्यात एकच पाप मोठं: पोरांच्या डोळ्यांदेखत बाहुली निर्जीव होऊ देणं. त्याला रात्ररात्र तीच धास्ती होती.

सोहळा बसवणारी कोर्टनी काउंटरवरून खाली वाकली. “मिस्टर हृष्का, मधे थांबू नका हं. पटापट मोजा. लोक कंटाळतात.”

“थांबतो म्हणून तर पोरं शिकली, बाई,” एमिल म्हणाला.

ती गेल्यावर मी म्हटलं, “अरे, सोड की हट्ट! पटापट मोजलं तर तुझाच खांदा वाचेल.”

“थांबायचंच नसेल तर माझं काय काम? डेव्हन आहे की.”

कपाळ माझं! वर भाषणं सुरू झाली ती संपेचनात. महापौर बोलले, कुणी प्रायोजक बोलले, आणि ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते आम्ही दोघं लाकडाच्या भुश्शात बसून कंबर चोळत होतो. शेवटी एकदाचं वेंडेलचं नाव पुकारलं. एमिलनं हात वर केला आणि सभागृहात असा कल्लोळ उठला की काउंटर थरथरला.

आम्हाला लोक दिसत नाहीत. पायाशी ठेवलेल्या छोट्या पडद्यावर फक्त वेंडेल दिसतो. एक झाला, दोन झाले. तीनला एमिलचा श्वास घरघरायला लागला. चारला त्याच्या दंडाची थरथर माझ्या कानाला लागत होती. पाच कसेबसे झाले.

आता माझी पाळी. मी पंजा वर घेतला, अंगठा काढला, आणि पडद्यावर बघते तर वेंडेलचं नाक खाली चाललेलं.

“गेला, डोरीन,” एमिल पुटपुटला. “गेला हात.”

इतका राग आला मला! त्याचा, त्याच्या खांद्याचा, सगळ्याचाच. पण हात थांबला नाही. मी अंगठा मिटला, कोपर काउंटरवर रोवलं आणि पंजा वेंडेलच्या हनुवटीखाली दिला. डोक्याचं आणि एमिलच्या हाताचं सगळं ओझं माझ्या मनगटावर आलं. पडद्यावर अस्वल हनुवटीला हात लावून पावांकडे बघत बसलेलं दिसत होतं. मोजायला बोटंच उरली नाहीत. वेंडेलचा आवाजही एमिलचाच, आणि तो फुटेना.

मग मागून एका बाप्याचा घोगरा आवाज आला, “सहा.”

कुणी हसलं नाही. सगळे थांबले. मी मनात मोजलं: एक, दोन, तीन. आणि अख्खं सभागृह म्हणालं, “सात.” पुन्हा थांबले, तेवढेच. आठ. नऊ. म्हाताऱ्या बायका, दाढीवाले बापये, त्यांची पोरं, सगळे एका आवाजात दहापर्यंत गेले. मी एक बोट हलवलं नव्हतं. त्यांना त्याची गरजच नव्हती.

दिवे मंदावले. कोर्टनी धावत आली. “काय सुंदर कल्पना! आधीच ठरवलं होतं का हो?”

“हो,” मी म्हटलं. एमिल खाली मान घालून बसला होता.

डेव्हन वेंडेलला न्यायला आला, पण एमिलला हात खाली घेता येईना. मी तो हळूहळू उतरवला आणि वेंडेलला ओढून काढलं. आत एमिलची बोटं अस्वलाच्या तोंडासारखीच आखडून राहिली होती, उघडत नव्हती.

“तुझे पाच आकडे खाल्ले मी,” तो म्हणाला.

“गेले तर गेले,” म्हटलं मी, आणि मला रडू आलं. चौतीस वर्षं आम्ही दोघं एका अस्वलात राहिलो, पण तो हात मी उघडा असा कधी धरला नव्हता. गार पडला होता. मी तो दोन्ही हातांत घेतला आणि बोटं सुटेपर्यंत चोळत बसले.